कुसाबाईंची परवानगी

पंचवटीच्या फूलबाजारात कुसाबाईंचा गाळा नाही, पोतं अंथरायची जागा आहे. मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू, शेवंती आणि कडेच्या दोन ओळींतला मोगरा घेऊन त्या उजाडायच्या आत तिथे बसलेल्या असतात. गिऱ्हाईक त्यांच्याकडे येतं ते भावासाठी नाही. शेजारची विक्रेती कालचा हार पाणी मारून आजचा म्हणून खपवत असते, तेव्हा कुसाबाई आपल्या हाराबद्दल स्वतःच सांगतात, "हा कालचा हाय. फोटोला चालंल, नवरदेवाला नको नेऊ." कितीतरी माणसं या वाक्यावर हसून दोन हार जास्त घेऊन गेली आहेत.

नवरा सावळीराम गेल्याला सहा वर्षं झाली. मुलगी निकिता निफाडला दिली आहे. मुलगा रविराज शेतकी कॉलेजात शिकला, गुलाबाच्या पॉलिहाउसवर नोकरीला लागला आणि तिथून थेट थायलंडच्या चियांग माई शहराजवळ एका रोपवाटिकेत गेला. त्यालाही आता अडीच वर्षं होतील. "पोरगं थायलंडला? जपा हं बाई," असं म्हणून बाजारातले पुरुष एकमेकांकडे बघून हसत. कुसाबाईंना ते हसणं कळत नव्हतं असं नाही. "माझं पोरगं रोपं लावायला गेलंय. तुम्ही गेला असता तर मी पण हसले असते," असं त्या म्हणत आणि दोरा दातांनी तोडत.

रविराजचा दर रविवारी व्हिडिओ कॉल येई. पौष लागला आणि त्याने सांगितलं, "आई, कामासाठी जरा लांब जातोय. पुढच्या पौर्णिमेपर्यंत फोन लागणार नाही. काळजी करू नको."

हे त्याने सांगितलं तेव्हा कुसाबाईंचं विमानाचं तिकीट निकिताच्या मोबाइलमध्ये येऊन पडलेलं होतं, आणि ते रविराजला माहीत नव्हतं.

हे सगळं घडवून आणलं विमलाबाईंनी. विमलाबाई गावातल्या उपकेंद्रात नर्स होत्या. रविराजचा जन्म त्यांच्याच हातचा. निवृत्त होऊन नाशिकरोडला राहायला गेल्या तरी दर पौर्णिमेला बुद्धवंदनेची फुलं कुसाबाईंकडूनच नेत. त्यांच्या विहारातल्या मंडळींची थायलंडची सहल ठरली, शेवटचे दिवस चियांग माईत होते, आणि पौषात लग्नं नसल्याने फुलाला उठाव नव्हता. "चल गं. आमच्याबरोबर देवळं बघ, आणि पोराला अचानक जाऊन गाठ," असं म्हणून त्यांनी पासपोर्टाच्या रांगेतही कुसाबाईंना सोबत केली. रविराज लांब जाणार हे कळल्यावर कुसाबाई मागे हटू लागल्या. पण विमलाबाई म्हणाल्या, "लांब म्हणजे किती लांब? तिथे गेल्यावर शोधू."

चियांग माईत पहिला दिवस देवळांचा होता. त्या दिवसात दोघींनाही आलटून पालटून धक्के बसले आणि एकीला धक्का बसला की दुसरीला हसू येई. वाट चेदी लुआंग नावाच्या देवळात विटांचा एवढा प्रचंड स्तूप होता की कुसाबाई मान वर करून बघतच राहिल्या. वरचा भाग शेकडो वर्षांपूर्वी भूकंपात ढासळलेला. "पांडवलेणीचा डोंगर कोणी विटा लावून बांधला असता तर असा दिसला असता," असं त्या म्हणाल्या. पण तिथेच एका छोट्या मंदिराच्या दाराशी बायकांना आत मनाई असल्याची पाटी होती. विमलाबाईंनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बुद्धाच्या आवारात? बायकांना बंदी?"

"अहो शिस्टर, असंल काही जुनं."

"जुनं म्हणूनच तर आम्ही सोडून आलो!"

पुढच्या देवळात लोक गुडघ्यांवर बसून डब्यातल्या काड्या खुळखुळवत होते. काडी पडली की तिच्यावरच्या आकड्याप्रमाणे भविष्याचा कागद. अंगणात एका कोपऱ्यात चक्क गणपती. कुसाबाईंनी चप्पल काढून हात जोडले. विमलाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बावीस प्रतिज्ञा घेतल्यात मी. गणपतीला देव मानणार नाही म्हणून. आणि हे इथे, बुद्धाच्या दारात!"

"तुमच्या देवळात माझा देव निघाला, त्याला मी काय करू?" असं म्हणून कुसाबाई एवढ्या हसल्या की सहलीतली सगळी मंडळी वळून बघू लागली.

ते त्यांचं त्या शहरातलं शेवटचं मोकळं हसू.

दुसऱ्या दिवशी मोकळा वेळ होता. निकिताने लिहून दिलेला पत्ता दाखवून दोघी लाल रंगाच्या भाड्याच्या गाडीतून शहराबाहेर रोपवाटिकेत गेल्या. शेवंतीची रोपं ओळीने मांडलेली होती. कुसाबाईंनी एका रोपाचं पान चुरडून वास घेतला आणि त्यांना बरं वाटलं. ऑफिसातून एक मुलगी बाहेर आली. विमलाबाईंनी इंग्रजीत सांगितलं, की या रविराजच्या आई. त्या मुलीने दोन्ही हात जोडून नाकाशी नेले आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"ही रडती का?" कुसाबाईंनी विचारलं. "काय झालं माझ्या पोराला?"

"थांब, विचारते." विमलाबाईंनी विचारलं, ऐकलं, पुन्हा विचारलं. "तो देवळात आहे म्हणते."

"देवळात? आजारी हाय का? देवळात कशाला नेऊन ठेवलाय?"

"आजारी नाही. चांगला आहे म्हणते. आपल्याला नेते."

त्या मुलीचं नाव दाओ. तिने स्वतःच्या गाडीत बसवून त्यांना शहराच्या जुन्या भागातल्या एका देवळाशी आणलं. वाटेत ती दोनतीनदा "रवि" म्हणाली. तिचं ते नाव उच्चारणं ऐकून कुसाबाईंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. पण त्या वेळी त्यांना पोराच्या तब्येतीपलीकडे काही सुचत नव्हतं.

देऊळ लहान होतं, जुन्या सागवानी लाकडाचं. अंगणात भगव्या चीवरातला एक भिक्खू लांब दांड्याच्या झाडूने वाळली पानं गोळा करत होता. कुसाबाई त्याच्या बाजूने पुढे गेल्या, पोराला शोधत. मग थबकल्या. झाडताना डावा खांदा वर उचलायची ती लकब. खळं झाडताना सावळीराम असाच खांदा उचलायचा.

भिक्खूने मान वर केली.

गुळगुळीत डोकं. भुवयासुद्धा नाहीत. भुवया नसल्यामुळे चेहरा एखाद्या तान्ह्या बाळासारखा उघडावाघडा, आणि त्या चेहऱ्यात डोळे मात्र रविराजचे.

त्या क्षणी कुसाबाईंच्या मनात एकच प्रश्न आला, कोण गेलं? मुंडण मुलगा करतो ते आई-बाप गेल्यावर. सावळीरामच्या वेळी रामकुंडावर याच पोराचं डोकं न्हाव्याने असं साफ केलं होतं. बाप गेला, ते झालं. आता मागे उरली ती एकटी आई, आणि ती तर इथे उभी आहे. कुसाबाईंनी नकळत स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरून पाहिलं.

मग त्या धावल्या. दोन्ही हात पसरून, "अरे काय करून घेतलंस हे!" असं ओरडत.

रविराज मागे सरकला. झाडू त्याच्या हातातून खाली पडला. "आई, थांब. हात नको लावू मला. आई, प्लीज!"

जवळच बसलेली एक म्हातारी भीतीने ओरडली, दाओने तोंडावर हात घेतला, आणि विमलाबाईंनी मागून कुसाबाईंचा पदर पकडला.

जन्म दिलेलं पोर "हात नको लावू" म्हणालं. कुसाबाईंचे पसरलेले हात तसेच राहिले. ते खाली कसे घ्यायचे हेही त्यांना कळेना.

विमलाबाईंनी त्यांना हाताला धरून पायरीवर बसवलं. रविराज चार हात लांब जमिनीकडे बघत उभा राहिला.

"कुसाबाई, माझ्याकडे बघ," विमलाबाई म्हणाल्या. "तो भिक्खू झालाय. भिक्खूला बाईने शिवायचं नसतं. आईनेसुद्धा नाही. वस्तू द्यायची तर तो पुढे कापड टाकतो, त्यावर ठेवायची."

"म्हंजे मी त्याला इटाळ?"

विमलाबाई हळू म्हणाल्या, "तुझी सासू मला फुलं द्यायची ना, तेव्हा वरून टाकायची. पैसे खाली ठेवायला लावायची. तुला आठवतं का नाही, मला माहीत नाही. वरून टाकणं म्हणजे काय ते मला चांगलं कळतं गं. हे तसं नाही. त्यात आम्हाला हलकं धरलेलं होतं. इथे त्याने स्वतःला बांधून घेतलंय."

कुसाबाईंना आठवत होतं. त्यांनी मान खाली घातली.

"आणि हे कायमचं नसतं," विमलाबाई पुढे म्हणाल्या. "माझ्या नातवाने नाही का शाळेच्या सुट्टीत श्रामणेर शिबिर केलं? दहा दिवस चीवर नेसला, अकराव्या दिवशी वडापाव मागत घरी आला. इथेही तसंच असणार."

"पौर्णिमेपर्यंतच आहे, आई," रविराज लांबून म्हणाला. "मग मी चीवर उतरवणार. कामावर परत."

"तुझा धरम बदलला का?"

"नाही आई. इथे मुलगा लग्नाआधी काही दिवस भिक्खू होतो. त्याचं पुण्य आईला मिळतं असं इथले लोक मानतात." तो अडखळला. "झाला नाही तर त्याला कच्चा म्हणतात."

लग्नाआधी. कुसाबाईंनी दाओकडे पाहिलं. दाओने पुन्हा हात जोडले, आणि काही तरी चांगलं सांगावं म्हणून भरभरून इंग्रजीत बोलली. विमलाबाई ऐकून पदर सारखा करू लागल्या.

"काय म्हणली ती?"

"काही नाही."

"शिस्टर, मी कधी कालचं फूल आजचं म्हणून दिलंय तुम्हाला?"

विमलाबाईंनी सुस्कारा टाकला. "इथे केस काढताना पहिली बट आईने कापायची असते. केस कमळाच्या पानावर घ्यायचे असतात. तू नव्हतीस म्हणून ते हिच्या आईने केलं. ती म्हणते, आम्ही तुमची जागा रिकामी राहू दिली नाही."

दाओ हसून मान हलवत होती. तिला वाटत होतं आपण दिलासा दिला. कुसाबाईंना मात्र एवढंच दिसत होतं: आपल्या जागेवर दुसरी बाई बसली होती, आणि आपल्याला जागा होती हेच ठाऊक नव्हतं.

आतून बोलावणं आलं. विहाराचे प्रमुख भंते फार वृद्ध होते. वेताच्या आसनावर बसलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि चेहरा दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला. रविराज त्यांच्या शेजारी खाली बसला. दाओची आई आधीच आत होती. गोरी, ठेंगणी, रेशमी पट्टा खांद्यावर टाकलेली बाई. तिने कुसाबाईंना बघताच जवळ बसवून घेतलं, त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. त्या थोपटण्यात काही खोट नव्हती, त्यामुळे कुसाबाईंना तिचा रागही नीट येईना.

सगळ्यांनी भंतेंना तीनदा वाकून नमस्कार केला. कुसाबाईंनीही केला. म्हातारा साधू माणूस, त्याला वाकायला त्यांना काहीच अडचण नव्हती. मग दाओची आई रविराजकडे वळली आणि त्यालाही तसाच, कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार केला. दाओने केला. दोघींनी कुसाबाईंकडे पाहिलं. आता त्यांची पाळी होती.

"पोराला?" कुसाबाई पुटपुटल्या. "मी पोराच्या पाया पडू?"

"ते त्याला नसतं, चीवराला असतं," विमलाबाईंनी कानात सांगितलं. "माझ्या सुनेने केला होता."

"तुमच्यात चालत असंल. मोठ्यानं धाकट्याच्या पाया पडलं तर धाकट्याचं आयुष्य कमी होतं. मला एकच पोरगा हाय. मी नाय वाकणार." आणि त्या ताठ बसल्या. इतक्या ताठ, की एरवी पोत्यावर बसून वाकलेली त्यांची पाठ विमलाबाईंनी कधी तशी पाहिली नव्हती.

विहारात कुजबुज झाली. दाओच्या आईचं थोपटणं थांबलं. वृद्ध भंतेंनी आपला चांगला डोळा कुसाबाईंवर रोखला, बराच वेळ. मग रविराजकडे वळून त्यांनी एक छोटासा प्रश्न विचारला.

रविराजने आईकडे पाहिलं.

"काय विचारतात?" कुसाबाई म्हणाल्या.

तिथे मराठी आणि थाई अशा दोन्ही भाषा कळणारा माणूस एकच होता. तो काहीही सांगू शकला असता. पण तो म्हणाला, "भंते विचारतात, आईने परवानगी दिली होती ना?"

विमलाबाईंनी एकदम मान वर केली. श्रामणेर शिबिराच्या वेळी नातवासाठी त्यांच्या मुलाने आणि सुनेने सह्या केल्या होत्या. "अरे रवि," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "दीक्षेच्या वेळी सगळ्यांसमोर हे विचारतात. तू काय सांगितलंस?"

"आम भन्ते," रविराज म्हणाला. "म्हणजे हो. पालीत होतं, पाठ केलं होतं."

"अर्थ माहीत होता?" हे कुसाबाईंनी विचारलं.

"होता."

भुवया नसलेलं पोर बघून बसला त्याहून मोठा धक्का कुसाबाईंना आता बसला. डोकं भादरलं, ठीक. केस येतात. पण देवाच्या दारात, म्हाताऱ्या माणसासमोर, आईच्या नावाने हे पोर खोटं बोललं. आई जिवंत असताना तिच्या तोंडात आयता शब्द घातला.

भंते थांबले होते. कुसाबाईंनी ओठ पुसले. हो म्हटलं तर पोराची लाज राहील. दाओ, तिची आई, हे भलं दिसणारं म्हातारं माणूस, सगळे समाधानाने घरी जातील. एका शब्दाचा तर प्रश्न. पण तो शब्द काही केल्या जिभेवर येईना.

"सांग त्यांना," त्या म्हणाल्या. "नाय. मला इचारलं नाय."

रविराजने डोळे मिटले. कुसाबाई त्याच्या ओठांकडे बघत होत्या. थाई भाषेतलं त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. आता हा काय सांगतो ते त्यांना कधीच कळणार नव्हतं. तो बोलला. अगदी थोडं बोलला. आणि दाओच्या आईचा हात कुसाबाईंच्या गुडघ्यावरून उचलला जाऊन तिच्या स्वतःच्या छातीवर गेला. दाओ "रवि!" असं एवढंच म्हणाली, पण सकाळपासून ती ज्या सुरात हे नाव घेत होती, तो सूर हा नव्हता.

त्याने खरं सांगितलं होतं.

भंते रागावले नाहीत. ते हळूहळू, एकेक शब्द मोजून बोलले. रविराजला बोलवेना, म्हणून दाओने इंग्रजीत सांगितलं आणि विमलाबाईंनी मराठीत. "ते म्हणतात, चूक पोराची, आणि नीट चौकशी न करणाऱ्या त्यांचीही. ज्या आईला पुण्य द्यायचं तिलाच फसवून घेतलेलं चीवर ते त्याच्या अंगावर ठेवणार नाहीत. तू नको म्हणालीस तर ते आत्ता उतरवतील. आज तुझ्याबरोबर पाठवतील."

सगळे कुसाबाईंकडे बघू लागले. असा अधिकार त्यांना आयुष्यात कोणी दिला नव्हता. लग्न ठरताना कोणी विचारलं नाही, मळ्याचे वाटे पडताना विचारलं नाही, पोरगा परदेशी निघाला तेव्हा तिकीट काढून झाल्यावर सांगितलं. आणि इथे, मुलखाच्या पलीकडे, एक अनोळखी म्हातारा त्यांच्या तोंडाकडे बघत थांबला होता. एक शब्द, आणि पोराला कवेत घेता येईल.

"का इचारलं नाय?" त्यांनी रविराजला विचारलं.

"इकडे यायचं म्हणालो तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस, आई. हे विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणले असते."

"म्हणून."

"नाय म्हणले असते, भांडले असते, उपाशी बसले असते. आणि तरी तू इचारायचं होतंस. माझ्यासाठी करतो म्हणतोस, आणि मला सोडून करतोस?"

रविराजच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. ते पुसायला त्याने हात उचलला नाही.

"आता इचार," कुसाबाई म्हणाल्या.

"काय?"

"जे तवा इचारायचं होतं ते. सगळ्यांसमोर खोटं बोललास ना, आता सगळ्यांसमोर इचार."

चीवरात असताना त्याला आईपुढे वाकता येत नव्हतं, हात जोडता येत नव्हते, पाय धरता येत नव्हते. त्याच्याकडे होता फक्त आवाज, आणि तोही फाटलेला. "आई, पौर्णिमेपर्यंत मी इथे राहू का?"

कुसाबाईंनी पोराचं ते उघडं, अनोळखी डोकं पाहिलं, मग दाओकडे पाहिलं. ती आता रडत होती आणि मुळीच छान दिसत नव्हती. मग त्या भंतेंकडे वळल्या आणि मराठीतच, ते समजतील अशा खात्रीने बोलल्या.

"राहू दे त्याला. पौर्णिमेपर्यंत. मी सांगते म्हणून."

रविराजने ते थाईत सांगितलं. भंतेंनी मान डोलावली, डोळे मिटले आणि काही तरी पुटपुटू लागले. बाकीच्यांनी हात जोडले. विमलाबाई म्हणाल्या, ते आशीर्वाद देतायत. कुसाबाई मात्र ताठच बसून राहिल्या.

बाहेर आल्यावर चपला घालताना त्यांचा तोल गेला. विमलाबाईंनी धरलं. "बरं वाटतंय ना?"

"कसलं बरं? छाती अजून धडधडती." त्या पायरीवर बसल्या. आत रविराजचा आवाज दुसऱ्यांच्या आवाजात मिसळून एकसुरात काही म्हणत होता, आणि तो त्यांना वेगळा काढता येत नव्हता. "शिस्टर, मी नाय म्हणले ना, ते त्यानं खरंच नाय म्हणून सांगितलं. बघितलं तुम्ही? काहीबी सांगितलं असतं तर मला काय कळणार होतं?"

"बघितलं."

"तेवढ्यासाठी राहा म्हणले त्याला," कुसाबाई म्हणाल्या. "नायतर भादरल्या डोक्यानं तसाच ओढत नेला असता."

दाओ थोड्या अंतरावर गाडीची किल्ली घेऊन उभी होती, जवळ यावं की नाही ते न कळून. कुसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पायरीवर थोडं सरकून तिला बसायला जागा केली.